बोर्डोचे डाग: निफाडच्या एका गडद निळ्या गाडीचे प्रकरण

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. तुळशीचे लग्न उरकून लग्नसराईला सुरुवात झाली होती. निफाड तालुक्यातून एक गडद निळी एसयूव्ही नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या डिटेलिंग स्टुडिओत, म्हणजे गाड्या बारकाईने साफ आणि पॉलिश करण्याच्या ठिकाणी आली. गाडी पाच वर्षांची, 61 हजार किलोमीटर चाललेली. मालक द्राक्षबागायतदार, साठीच्या आसपासचे. सोबत धाकटा मुलगा. थोरल्याचे लग्न नऊ दिवसांवर आले होते आणि नवरदेव याच गाडीतून जाणार होता. काकांनी मागणी सरळ मांडली: "दादा, हे पांढरे डाग निघाले पाहिजे आणि गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसली पाहिजे. टेफ्लॉन, सिरॅमिक, काय लागेल ते कर."

डाग बरेचसे निघाले. शोरूमसारखी मात्र मी केली नाही, आणि ती का केली नाही हे काकांना समजावण्यात जितका वेळ गेला तितका एक दरवाजा पॉलिश करायलाही लागत नाही. शिवाय डाग कुठून आले याचे जे उत्तर निघाले ते आमच्या भागातल्या बागायतदारांच्या कितीतरी गाड्यांना लागू पडेल असे वाटते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

पाहणी

गाडी आली की लगेच धुवायची नाही, ही सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. मळ कुठे कसा बसला आहे, यावरून गाडी रोज कशी वापरली जाते ते कळते. धुतल्यावर तो पुरावा जातो.

बोनेट आणि छतावर गोल, खडूसारखे पांढरे ठिपके होते. मसुराच्या डाळीपासून रुपयाच्या नाण्यापर्यंत सगळ्या आकारांचे. दरवाज्यांवर ठिपके कमी आणि वरून खाली ओघळलेल्या रेघा जास्त. टॉर्च तिरपी धरली की पूर्ण गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसत होते. गडद रंगावर ते लपत नाहीत. बोनेटवर त्यांच्या जोडीला होलोग्राम होते, म्हणजे उन्हात हलणाऱ्या सावल्यांसारखे रुंद पट्टे. असे पट्टे रोटरी मशिनवर लोकरीचा पॅड लावून घाईत घासल्याशिवाय येत नाहीत. उजव्या मागच्या दरवाज्याचा निळा बाकीच्या गाडीपेक्षा किंचित वेगळा होता आणि त्याच्या पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीसारखा पोत होता. तो नंतर रंगवलेला, हे बोट न लावताही कळत होते.

"बोअरचं पाणी खारं आहे आमच्याकडं," काका म्हणाले. "त्याचेच डाग."

हे निदान पटण्यासारखे होते. आपल्या भागात खाली काळा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांतून झिरपून आलेले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येते. असे पाणी उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. नाशिक शहरात गंगापूर धरणाचे पाणी येते, ते बरेच मऊ. तरीही सोसायटीच्या बोअरवर गाड्या धुतल्या जातात आणि असेच डाग रोज माझ्याकडे येतात. काकांनी बाटलीत त्यांच्या बोअरचे पाणी आणले होते. टीडीएस मीटरवर 940 आले. आमच्या नळाचे 130. टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे, मीटर पाण्यात विरघळलेले सगळेच मोजतो. पण एवढ्या फरकावरून अंदाज करायला हरकत नाही.

मला खटकत होते ते वेगळेच. डागांना निळसर झाक होती. गाडीच निळी, त्यामुळे पहिल्या नजरेत ती लक्षात आली नाही. पुढच्या नंबरप्लेटच्या पांढऱ्या भागावर आणि काळ्या प्लास्टिकच्या कडांवर पाहिले तेव्हा स्पष्ट दिसली. बोअरच्या पाण्याचा डाग पांढरा किंवा करडा असतो, निळा नसतो.

द्राक्षबागेत निळे-पांढरे म्हटले की नाव एकच येते, बोर्डो. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना पाण्यात मिसळून केलेले हे मिश्रण वेलीच्या केवडा या बुरशीजन्य रोगावर, म्हणजे डाऊनीवर, फवारतात. एक टक्क्याच्या बोर्डोत शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि त्याला पुरेल इतका चुना. याची गोष्ट रंगाच्या कामाशीच जोडलेली आहे, म्हणून सांगतो. फ्रान्समध्ये बोर्डो शहराच्या आसपासचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळे मिश्रण लावायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांनी घड खाऊ नयेत एवढाच त्यामागचा हेतू. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की त्याच वेलींवर केवडा येत नाही, आणि 1885 मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडले. तेव्हापासून आजवर बोर्डो टिकून आहे ते त्याच्या चिकटपणामुळे. पानावर बसले की पावसानेही सहज धुतले जात नाही. जे पानाला सोडत नाही ते गाडीच्या रंगाला तरी कसे सोडेल?

काकांनी लगेच दुजोरा दिला. गाडी बागेच्या बांधावर उभी असते, शेजारी ट्रॅक्टरवरचा ब्लोअर चालतो, वाऱ्याने उडत असेल. मीही ते जवळजवळ मान्य केले होते. पण गाडीभोवती दुसरी फेरी मारताना हे गणित जुळेना. वाऱ्याने आलेली फवारणी छतावर, बोनेटवर आणि वाऱ्याकडच्या एका बाजूवर बसते. इथे डावी-उजवी दोन्ही बाजू सारख्याच डागाळलेल्या. चाकांच्या कमानींच्या आत निळसर थर. दरवाज्यांच्या खालच्या पट्टीवर, जिथे खाली वाकून पाण्याचा फवारा मारल्याशिवाय काही पोहोचत नाही, तिथे सगळ्यात जाड थर.

मी विचारले, "गाडी धुता कशाने?"

उत्तर मुलाने दिले. "एचटीपीने. प्रेशर भारी असतं."

एचटीपी पंप म्हणजे आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक बागेतला फवारणीचा पंप. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये नळी टाकायची, गन हातात घ्यायची. आठवडाभर त्याच ड्रममधून बोर्डो फवारायचे आणि रविवारी त्यात बोअरचे पाणी भरून त्याच गनने गाडी धुवायची. ड्रमच्या तळाला बसलेला चुन्याचा गाळ, नळीतले उरलेले मिश्रण, सगळे गाडीवर. म्हणजे पाच वर्षे ही गाडी धुतली गेली तेव्हा तिच्यावर पातळ बोर्डोची फवारणीच होत होती. काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग मुलाकडे बघून म्हणाले, "ड्रम खंगाळत नव्हता का रे तू?"

त्यात मुलाचा दोष धरावा असे मला वाटले नाही. बोर्डो ताजेच वापरायचे असते, पण ड्रमचा तळ पुन्हा पुन्हा खरवडून कोण धुतो? आणि काकांनी अभिमानाने आणखी एक सांगितले होते. मिश्रण झाले की ते लोखंडी विळा बुडवून बघतात. विळ्यावर तांबूस थर आला की चुना वाढवतात. ही जुनी आणि अचूक परीक्षा आहे, तांबे मोकळे राहिले तर पाने जळतात. पण बागेची काळजी घेणारा माणूस चुना दोन मुठी जास्तच टाकतो, आणि जास्तीचा चुना म्हणजे तीव्र अल्कधर्मी पाणी. बाग सुरक्षित राहते. रंगाच्या वरचा पारदर्शक थर, ज्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो, त्याला मात्र उन्हात असे पाणी सोसत नाही.

खात्री करायला एका डागावर पांढरे व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून कापसाने ठेवले. बारीक बुडबुडे आले, मिनिटभरात पांढरे विरघळले आणि कापूस फिकट निळा झाला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाळला की त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि आम्लात बुडबुडे येतात ते त्याचेच. निळा रंग तांब्याचा. डाग पुसून टॉर्च मारली. पांढरे गेले होते, पण त्या जागी काचेवर उमटावे तसे एक बारीक कडे राहिले होते. क्लिअर कोट तिथे कुरतडला गेला होता. डाग आणि डागाने केलेली जखम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गिऱ्हाईकाला दोन्हींचे नाव एकच वाटते.

ओरखड्यांचे कारणही त्याच ड्रममध्ये होते. धुऊन झाल्यावर गाडी जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली जायची. चुन्याचे आणि मातीचे कण फडक्याखाली. दर रविवारी सगळ्या गाडीवरून बारीक पॉलिश पेपरच फिरत होता.

मीटर काय म्हणाला

रंगाची जाडी मोजणारा मीटर हे आमच्या कामातले सगळ्यात महत्त्वाचे हत्यार आहे असे मी मानतो, मशिनपेक्षाही. कारखान्यातून आलेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट 40 ते 50. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणजे ज्या थरावर गाडीची सगळी चमक आणि रंगाचे उन्हापासूनचे सगळे संरक्षण उभे आहे तो केसापेक्षा पातळ, आणि पॉलिश करणे म्हणजे तोच थोडा थोडा काढून टाकणे. भरून काढणारे पॉलिश जगात कुठेच नाही. मीटर एकूण जाडी सांगतो, क्लिअर कोटची वेगळी सांगत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर हा साधा मीटर चालत नाही. एवढ्या मर्यादा सांभाळून वाचायचे.

छत 118 ते 124. डावे दरवाजे 112 ते 120. दोन्ही पुढचे फेंडर 115 च्या आसपास. उजवा मागचा दरवाजा 260 ते 310. खाली पुट्टी आहे हे उघड. काकांनी सांगितले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कोपरा लागला होता. बोनेटचा मधला भाग 96 ते 101. बोनेटची पुढची कड आणि दोन्ही उंचवट्यांच्या रेघा 83 ते 88.

मी आकडे दोनदा घेतले. मग विचारले, "बोनेटवर आधी कुणी काम केलंय?"

"दर दिवाळीला रबिंग करतो ना. गॅरेजवाला दोन तासात चकाचक करून देतो."

चार दिवाळ्या. दर वेळी कापणारे कंपाउंड, लोकरीचा पॅड, रोटरी मशिन, आणि कडांवर सगळ्यात जास्त दाब. पॅनलची कड आणि उंचवट्याची रेघ इथे रंग मुळातच पातळ बसतो आणि मशिन तिथेच जास्त खाते. म्हणून आम्ही पॉलिशपूर्वी कडांना टेप लावतो. तिथे कुणी लावली नव्हती.

दोन दिवस धुण्यात

गाडी धुण्यात दोन दिवस गेले, हे ऐकून काकांचा मुलगा हसला होता. त्यातला अर्धा वेळ चाकांच्या कमानी आणि खालच्या पट्ट्यांवर गेला. आधी नुसत्या पाण्याने दहा मिनिटे, हात न लावता. मग फोम, पाच मिनिटे मुरू दिला, पुन्हा पाणी. त्यानंतर दोन बादल्यांनी हाताने धुणे: एकीत शॅम्पू, दुसरीत साधे पाणी, आणि प्रत्येक पॅनलनंतर मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, साध्या पाण्यात खंगाळायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाला पाव इंच गाळ साचला. तो एका बादलीच्या पद्धतीत पुन्हा गाडीवरच गेला असता.

खनिजांचे डाग काढायला आम्लयुक्त रिमूव्हर वापरला, पण सावलीत, थंड पत्र्यावर, एका वेळी एकच पॅनल, मिनिटभरापेक्षा जास्त नाही, आणि लगेच भरपूर पाणी व शॅम्पू. बाजारात सुट्ट्या बाटलीत "ॲसिड" म्हणून जे मिळते त्यापासून कळकळीने सावध करतो. त्यातल्या काहींमध्ये फ्लोराइडचे आम्ल असते. ते काचेला कायमचे आंधळे करते आणि कातडीतून आत जाऊन माणसाच्या हाडापर्यंत इजा करते. आमच्या मुलांना मी ती बाटली स्टुडिओत आणूच देत नाही.

अलॉय चाकांवर मोरचुदाने आपले काम केले होते. तांब्याचे क्षार ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही खातात, म्हणूनच बोर्डो प्लास्टिकच्या ड्रममध्ये करतात. चाकांच्या आतल्या कडेला बारीक खड्डे पडलेले होते. ते तसेच राहतील. लोखंडी कण विरघळवणारे द्रावण मारल्यावर चाकांवरून जांभळे ओघळ वाहिले, ती ब्रेकची धूळ. खालच्या भागावर मुंबई-आग्रा महामार्गावरच्या डांबराचे ठिपके होते, ते टार रिमूव्हरने सुटले.

मग क्ले, म्हणजे रंगावर रुतलेले कण ओढून काढणारी मऊ माती. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या पॅनलवर फिरवली की जे बोटांना कळत नाही ते कळते. बोनेट खरखरीत लागत होते. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि त्या आठवड्यात नाशिकलाही सकाळी हात गारठत होते. थंडीत क्ले दगडासारखी होते आणि कडक क्लेने नवे ओरखडे पडतात. कोमट पाण्याच्या डब्यात तुकडे ठेवून, एक वापरायचा आणि दुसरा गरम होऊ द्यायचा, असे करत गाडी पूर्ण केली. काचांवरचे डाग वेगळे, त्यांना सेरियम ऑक्साइडने हाताळले. पुढची काच जवळजवळ स्वच्छ झाली.

मशिन खाली ठेवले तो क्षण

तिसऱ्या दिवशी बोनेटवर एक फूट बाय एक फुटाचा चौकोन टेपने आखला. आधी सगळ्यात सौम्य जोडी, मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश, रोटरीपेक्षा सौम्य अशा डीए मशिनवर. होलोग्राम गेले, जाळे निम्मे कमी झाले. मग मध्यम पॅड आणि मध्यम कापणारे पॉलिश, चार फेऱ्या. अल्कोहोलने पुसून, तेलाचा भ्रम काढून, पाहिले. जाळे जवळजवळ गेले. डागांनी कोरलेली कडी मात्र तशीच. मीटरवर दोन मायक्रॉन कमी.

त्या एक फुटात सात कडी होती. पूर्ण बोनेटवर मी मोजली तेव्हा पन्नासच्या वर भरली. ती काढायचा मार्ग आहे. तीन हजार नंबरच्या पेपरने पाणी घालून घासायचे आणि मग कंपाउंड. हात सफाईदार असेल तर बोनेट आरशासारखे होते, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. 120 मायक्रॉनच्या छतावर मी एखाद्या कड्यासाठी हे केलेही असते. 96 वर, आणि कडांना 83 वर, पन्नास ठिकाणी? क्लिअर कोट किती उरला आहे हे मीटर सांगत नाही, पण इतर पॅनलशी ताडून पाहता निम्म्याच्या आसपास गेलेला असावा असे धरूनच चालणे शहाणपणाचे होते. असे बोनेट दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरे पडून सोलायला लागते. आधी धुरकट डाग, मग पापुद्रे. तिथे मग रंग काढून नव्याने देण्याशिवाय इलाज नाही.

काकांना फोन करून बोलावले. टॉर्च त्यांच्या हातात दिली.

"हे काढता येत नाही का?"

"येतं. पण काढलं तर बोनेट टिकणार नाही."

त्यांना ते पटेना. पैसे कमी पडत असतील तर सांग, असेही म्हणाले. मग मला त्यांच्याच बागेतली गोष्ट सुचली. मी विचारले, "काका, एप्रिलला खरड छाटणी करता, वेल पार बोडका करता. भीती वाटत नाही?"

"कशाची भीती? फुटतंय ना पुन्हा."

"हे फुटत नाही. एकदाच आलंय कारखान्यातून. चार दिवाळ्या छाटलंय, आता डोळा राहिला नाही."

ते बोनेटवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "राहू दे मग. पण लग्नात लोक बघतील रे."

याला उत्तर होते आणि ते मी त्यांच्यापुढे जसे आहे तसे ठेवले. ग्लेझ नावाचा एक पदार्थ येतो. तो ओरखड्यांत आणि खड्ड्यांत भरून बसतो, प्रकाश सपाट परततो आणि कडी नजरेआड होतात. काही आठवड्यांत धुऊन निघून जातो. आमच्या धंद्यात याला फसवणूक म्हणणारे आहेत, आणि न सांगता वापरले तर ती फसवणूकच आहे. असली ग्लेझ मारून "पेंट करेक्शन" म्हणून विकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पण सांगून वापरले तर तो नवरदेवाच्या फेट्यासारखा एका दिवसाचा साज आहे. मी म्हणालो, "संक्रांतीपर्यंत कडी परत दिसायला लागतील." त्यांनी मान डोलावली.

बाकीची गाडी सरळ होती. दरवाजे, फेंडर आणि छत मध्यम पॉलिशने, नंतर बारीक पॉलिशने. रंगवलेल्या दरवाज्याचा चौकोन वेगळा आखून पाहिला. कारखान्यात क्लिअर कोट साधारण 140 अंशांवर भाजतात. गॅरेजच्या बूथमध्ये गाडीला प्लास्टिक, वायरिंग सगळे जोडलेले असते, म्हणून 60 च्या आसपासच थांबावे लागते. तिथला रंगही त्यासाठी वेगळा असतो. हा दरवाजा मऊ निघाला, मध्यम पॉलिशने त्यावर नवेच धुके आले. तिथे फक्त मऊ पॅड, कमी दाब. जाडी 300 दिसते म्हणून तिथे बिनधास्त घासावे असे वाटते. पण ती जाडी पुट्टीची आहे.

सिरॅमिक का नाही

काकांना सिरॅमिक हवेच होते. चुलतभावाच्या गाडीला केले आहे, असे मुलगा दोनदा म्हणाला. सिरॅमिकचे बिल सीलंटच्या, म्हणजे रंगावर लावायच्या साध्या संरक्षक थराच्या, चौपट होते, तेव्हा नकार देताना माझे नुकसानच होते. तरी तो द्यावा लागला.

सिरॅमिक कोटिंगमुळे पाणी मोत्यासारखे गोळा होते. लोकांना वाटते की पाणी ठरत नाही म्हणजे डाग पडणार नाहीत. होते उलट. मोती उन्हात जागेवरच वाळला तर त्यातले सगळे क्षार एका छोट्या गोलात घट्ट बसतात. मऊ पाण्याने धुऊन लगेच कोरडी होणाऱ्या गाडीवर सिरॅमिक उत्तम चालते. 940 टीडीएसच्या पाण्याने दुपारी धुतल्या जाणाऱ्या गाडीवर वर्षभरात त्याच कोटिंगवर तसेच डाग बसतात, आणि ते काढताना कोटिंगही जाते. दुसरे म्हणजे लावल्यावर काही दिवस पाण्यापासून जपावे लागते, थंडीत ते पक्के व्हायला आणखी वेळ घेते, आणि लग्न चार दिवसांवर आले होते. म्हणून सगळ्या गाडीला सिंथेटिक सीलंट, आणि एकट्या बोनेटवर ग्लेझ व त्यावर कार्नोबा मेण.

नवरदेवाच्या गाडीसाठी आम्ही नेहमी काही गोष्टी सांगतो, त्या सांगितल्या. सजावटवाल्याला सेलोटेप थेट रंगावर लावू देऊ नका, आणि रंगवलेल्या दरवाज्यावर तर मुळीच नाही. ओढताना पापुद्रा निघू शकतो. फुलांच्या माळा रिबिनीने ग्रिल आणि आरशांना बांधा. ओली फुले रात्रभर बोनेटवर राहू देऊ नका, झेंडूचा पिवळा उतरतो. ओवाळताना कुंकवाचे स्वस्तिक काढायचेच, ते काचेवर काढा. काकूंनी हे फोनवर ऐकले आणि काचेवर काढायला काय हरकत आहे, असे त्याच म्हणाल्या. मला मनातून बरे वाटले. हळदीकुंकवाच्या विषयात मी आधी खूप संकोचाने बोलायचो.

नंतर

गाडी लग्नाला गेली. फोटो आले, बोनेटवर मंडपाचे दिवे स्वच्छ उमटलेले. संक्रांतीच्या दोन दिवसांनी काकांचा फोन आला: "दिसायला लागले रे, तू म्हटला तसे." आवाजात तक्रार नव्हती.

धुण्याची पद्धत आम्ही मुलाबरोबर बसून ठरवली होती. बागेशेजारी त्यांचे शेततळे आहे, प्लास्टिक अस्तराचे, पावसाळ्यात भरलेले. त्या पाण्याचा टीडीएस 210 आला. पाणी घरचेच होते, फक्त गाडीसाठी ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते. एचटीपी सोडायची गरज नव्हती, वेगळा ड्रम, वेगळी नळी आणि वेगळी गन पुरे. गन पत्र्यापासून दोन हात लांब, सकाळी ऊन चढायच्या आत, शेवटचे पाणी शेततळ्याचे, आणि लगेच मायक्रोफायबर टॉवेल अंथरून ओढायचा, घासायचा नाही. फवारणीच्या दिवशी गाडी बांधावर नाही, पॅकिंग शेडच्या आत. चुकून उडालेच तर त्याच दिवशी भरपूर पाण्याने. वाळू दिले तर कडे पडते.

पुढच्या ऑगस्टमध्ये गाडी तपासणीला आली. पावसाळा म्हणजे बोर्डोचा हंगाम, म्हणून मुद्दाम तेव्हा बोलावली होती. दरवाज्यांवर एकही नवा डाग नव्हता. बोनेटवर चार ताजे ठिपके होते, व्हिनेगरच्या पाण्याने मागे काही न ठेवता निघाले. चाकांच्या कमानी स्वच्छ. मीटरवर सगळे आकडे मागच्यासारखेच, कुठे एक वर, कुठे एक खाली. दरवाज्यांवर काही बारीक ओरखडे नव्याने होते. मुलाने कबूल केले की एकदा टॉवेल सापडला नाही म्हणून शर्टाने पुसली. सीलंट पुन्हा लावले.

बोनेटचा प्रश्न काकांनी परत काढला. नव्याने रंगवून टाकू का? मी म्हणालो, पापुद्रे सुटू लागेपर्यंत नको. कारखान्याचा भाजलेला रंग, कडी असलेला का होईना, गॅरेजच्या रंगापेक्षा जास्त काळ तग धरेल, आणि निळ्याची छटा जुळवताना काय होते ते त्यांच्या उजव्या दरवाज्यावर दिसतेच आहे. दर सहा महिन्यांनी बोनेट पाहायचे, मशिन लावायचे नाही, फक्त मेण. दिवाळीचे रबिंग बंद.

मुलाने ड्रमचा फोटो दाखवला. निळ्या ड्रमवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिले होते: "फक्त गाडी". त्याखाली, काकांच्या हस्ताक्षरात: "यात बोर्डो टाकू नये".